घरबसल्या भाषाविज्ञानाचं एम.ए. होईल का?

पत्राचा गोषवारा: वारज्याला राहणाऱ्या ३६ वर्षांच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्या बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स (तीन वर्षांचा अभ्यासक्रम) आहेत आणि हिंजवडीतल्या एका कंपनीत मराठी बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या प्रणालीची चाचणी घेण्याचं काम करतात. यंत्राचे उच्चार कुठे चुकतात ते टिपता टिपता त्यांना भाषाविज्ञानाची गोडी लागली. मुलगा तिसरीत आहे, घरी सासूबाई आहेत, नोकरी सोडणं शक्य नाही. म्हणून दूरस्थ पद्धतीने एम.ए. करायचं मनात आहे. एका एजंटाने 'एका वर्षात एम.ए., परीक्षा घरूनच' अशी हमी देऊन आगाऊ रक्कम मागितली आहे. यजमान म्हणतात, एआयच्या जमान्यात हे शिकून काय मिळणार? बाईंचे प्रश्न असे: दूरस्थ पदवीला किंमत असते का? पुढे नेट (प्राध्यापकपद आणि संशोधन छात्रवृत्ती यांसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) आणि पीएच.डी. करता येईल का? भाचा उशिरा बोलायला लागला आहे, तर या पदवीवर स्पीच थेरपीकडे वळता येईल का? आणि मराठी, हिंदी, कामापुरतं इंग्रजी एवढ्या भांडवलावर हा विषय झेपेल का?

उत्तर:

त्या एजंटाला आधी नाही म्हणून टाका. बाकीचं सावकाश बोलू.

तुमची पदवी तीन वर्षांची आहे, म्हणजे तुमच्यासाठी एम.ए. दोन वर्षांचंच. एका वर्षाच्या एम.ए.ची सोय नव्या धोरणात आली आहे खरी, पण ती चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांसाठी. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० सालच्या दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाच्या विनियमांत फ्रँचायझी देऊन अभ्यासक्रम चालवायला मनाई आहे, तेव्हा मधल्या माणसाच्या खात्यात पैसे भरायचा प्रश्नच येत नाही. 'विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे' एवढ्या एका वाक्यावर ही मंडळी गिऱ्हाईक गटवतात. विद्यापीठाला मान्यता असली तरी त्याच्या दूरस्थ अभ्यासक्रमाला ती वेगळी लागते, आणि ती कायमची नसते. आयोगाच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव काढा आणि अभ्यासक्रमाचं नेमकं नाव, पद्धत (दूरस्थ की ऑनलाइन), वर्ष आणि सत्र हे सगळं ताडून पाहा. एकही गोष्ट जुळली नाही तर तिथे प्रवेश घेऊ नका. 'गेल्या वर्षी यादीत होतं, यंदाही येईल' या आश्वासनावर तर मुळीच नको.

परीक्षेचंही विचारून घ्या. राज्य विद्यापीठांना दूरस्थ अभ्यासक्रमासाठी आपल्या कार्यक्षेत्राबाहेर केंद्रं चालवता येत नाहीत. परराज्यातल्या विद्यापीठात नाव घातलंत तर संपर्कवर्ग आणि परीक्षा यांसाठी तिकडे जावं लागू शकतं. किती दिवस, कुठल्या महिन्यात, हे प्रवेशाआधी ईमेलवर लेखी मागा. मुलाच्या परीक्षा आणि तुमच्या त्याच आठवड्यात आल्या तर काय होईल, हा प्रश्न आत्ता किरकोळ वाटतो. दुसऱ्या सत्रात अभ्यास सुटतो तो बहुधा अशाच कारणाने.

आता किमतीचं. मान्यता असलेल्या दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीचा दर्जा नियमित पदवीसारखाच धरावा, असं आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे कागदावर किंमत आहे. तुमच्या पत्रात मात्र एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, की दूरस्थ शिक्षणात मान्यता हीच काय ती अडचण. मला वाटतं, ती अडचण सोपी आहे. दोन संध्याकाळी संकेतस्थळं चाळून सुटते. या विषयातली खरी अडचण वेगळी आहे: तुमची चूक तुम्हाला कोण दाखवणार? त्याकडे येतोच. आधी ही पदवी तुम्हाला कुठे न्यायची आहे ते ठरवू, कारण तुमच्या पत्रात तीन वेगवेगळ्या वाटा एकत्र आल्या आहेत.

स्पीच थेरपीची वाट इथून जातच नाही. वाचा आणि भाषा उपचारतज्ज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. ती त्या विषयाच्या खास पदवीवर मिळते, भाषाविज्ञानाच्या एम.ए.वर नाही, मग ते नियमित असो की दूरस्थ. आणि भाच्यासाठी तुमच्या पदवीची वाट पाहू नका. त्याची श्रवणचाचणी आधी करून घ्या, मग नोंदणीकृत तज्ज्ञाला दाखवा. 'आमच्याकडे मुलगे उशिराच बोलतात' असं घरातलं कोणी म्हणत असलं तरीही.

नेट आणि पीएच.डी.ची वाट मोकळी आहे, पण तिच्यावर तीन फाटकं आहेत. नेटमध्ये भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे, विषय क्रमांक ३१. पहिल्या पेपरात ५० प्रश्न, दुसऱ्यात १००, दोन्ही मिळून तीन तास आणि ३०० गुण. उणे गुण नाहीत. पात्रतेला एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. हे पहिलं फाटक, आणि दूरस्थ विद्यार्थी इथेच अडकतात. पास व्हायला ४० टक्के पुरतात म्हणून पहिल्या वर्षी निभावून नेतात आणि शेवटी एकूण ५२ वर थांबतात. दुसरं फाटक विषयाचं. भाषाविज्ञान जमत नाही म्हणून 'जवळचं' म्हणून एम.ए. इंग्रजी केलंत, तर साधारण नियमाने नेटही इंग्रजीचीच द्यावी लागते. तिसरं वयाचं. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीला, म्हणजे जेआरएफला, वयोमर्यादा ३० आहे आणि महिलांना पाच वर्षांची सवलत. तुम्ही ती ओलांडली आहे, तेव्हा छात्रवृत्तीवर घर चालवून पीएच.डी. करण्याचा बेत मनात असेल तर तो सोडा. सहायक प्राध्यापकपदासाठी नेट द्यायला किंवा पीएच.डी.च्या प्रवेशाला मात्र वयाची आडकाठी नाही. पीएच.डी. दूरस्थ पद्धतीने होत नाही. अर्धवेळ होते, आणि २०२२च्या विनियमांप्रमाणे त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र लागतं. कंपनी असं पत्र देते का, याची चौकशी एम.ए.च्या आधी करून ठेवायला काही पैसे पडत नाहीत.

तिसरी वाट तुमच्या सध्याच्या कामातच पुढे जाण्याची. इथे पदवीच्या नावाला फार कोणी विचारत नाही. काय करून दाखवता ते विचारतात. यजमानांच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे, आणि तुम्ही ते रोज ऑफिसात पाहताच. यंत्रासमोर '१.५ तास' आलं की ते 'एक पूर्णांक पाच तास' म्हणतं. आपण 'दीड तास' म्हणतो. '२५०'चं 'अडीचशे' करायचं, '३.५ लाख'चं 'साडेतीन लाख'. पण 'आवृत्ती १.५'ला 'दीड' म्हणून चालत नाही. म्हणजे पुढे मोजमापाचा शब्द आहे की नाही ते पाहून नियम लिहावा लागतो. 'जग' हा शब्द घ्या. 'सगळं जग' मधला ज वेगळा आणि 'सुखाने जग' मधला वेगळा, लेखन तेच. उच्चारकोशात त्याच्या दोन नोंदी हव्यात आणि त्यांतली कुठली केव्हा घ्यायची हे वाक्यरचनेवरून ठरवायला हवं. 'यंत्र चुकलं' एवढं कोणीही सांगेल. ते कुठल्या प्रकारच्या शब्दांत चुकतं, का चुकतं आणि ते पकडायला चाचणीचे कोणते २०० शब्द निवडावेत, हे सांगणाऱ्याला काम आहे. उलट, तासावर पैसे घेऊन नुसता मजकूर उतरवून देण्याचं किंवा खुणा लावण्याचं काम मात्र खरोखर आटतं आहे, त्यासाठी एम.ए. करू नका. आणि भाषाविज्ञानाच्या जोडीला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि थोडी संख्याशास्त्राची ओळख लागेल. तुमच्या बी.एस्सी.मुळे तुम्हाला ती जड जाणार नाही. साहित्य शिकून इकडे येणाऱ्यांना इथेच अडखळायला होतं.

तीनच भाषा येतात, याची काळजी तर सोडूनच द्या. या विषयात भाषा किती येतात याला महत्त्व कमी. येते त्या भाषेकडे परक्यासारखं पाहता येतं का, याला जास्त. शाळेत आपण कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकलो. 'तिने गणित सोडवलं' म्हणतो. मग 'तिने गणित शिकलं' का म्हणत नाही, 'ती गणित शिकली' का म्हणतो? दोन्हीकडे कर्म आहेच. 'विसरणे'चं काय? 'ती छत्री विसरली'. 'त्याने आंबा खाल्ला' यात 'ने' लागतो, 'मी आंबा खाल्ला' यात लागत नाही, तरी क्रियापद दोन्हीकडे आंब्याच्याच मागे जातं. आणि 'तू पोळी खाल्लीस' मध्ये क्रियापद एकाच वेळी पोळीशी जुळतं (खाल्ली) आणि तुझ्याशीही (स). आपल्या जुन्या व्याकरणकारांनी याला कर्तृ-कर्मसंकर असं नाव देऊन ठेवलं आहे. एम.ए.त नाव पुरत नाही. कुठल्या क्रियापदांना 'ने' चालत नाही याची यादी करायची, त्यांच्यात समान काय आहे याचा अंदाज बांधायचा, आणि मग तो अंदाज खोटा पाडणारं उदाहरण स्वतःच शोधायचं. हा खेळ अर्धा तास रंगला तर विषय तुमचा आहे. 'असंच म्हणतात, त्यात काय' असं वाटलं तर एम.ए.ची दोन वर्षं फार लांबतील.

आता त्या खऱ्या अडचणीकडे. अभ्यासक्रमाचे काही भाग घरी वाचून चांगले होतात: ऐतिहासिक भाषाविज्ञान, समाजभाषाविज्ञान, भाषाकुलं, विषयाचा इतिहास, बराचसा अर्थविचार. स्वनविज्ञान (म्हणजे उच्चारांचा अभ्यास), वाक्यविन्यासातली (म्हणजे वाक्यरचनेच्या अभ्यासातली) युक्तिवादाची रीत आणि क्षेत्रकार्य (म्हणजे लोकांत जाऊन भाषेची सामग्री गोळा करणं) हे तीन भाग वाचून होत नाहीत. गाणं जसं नोटेशन वाचून येत नाही, शेजारी बसून कोणीतरी 'हा सूर लागला नाही' असं म्हणावं लागतं, तसंच. कारण असं की आपला कान मातृभाषेच्या खाचांत बसलेला असतो, आणि त्यावर लिपीची पट्टी बांधलेली असते. 'चार' आणि 'चारा' यांतले च वेगळे आहेत. पहिला तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून उच्चारलेला, दुसरा दंततालव्य, म्हणजे जीभ दातांच्या मागे लावून. देवनागरीत दोघांना अक्षर एकच, म्हणून आयपीएत, म्हणजे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत, लिहिताना नवखा विद्यार्थी दोन्हीकडे एकच चिन्ह घालतो. 'करतो' लिहिताना र नंतर न उच्चारलेला अ घालतो, कारण डोळ्यांना अक्षर पूर्ण दिसतं. पुस्तक त्याला थांबवत नाही. स्वाध्याय तपासणाऱ्याने नुसते गुण देऊन परत पाठवला तर चूक पक्की होते आणि लेखी परीक्षेत पुन्हा तीच उमटते.

यावर थोडा उतारा यंत्राचा आहे. 'प्राट' हे अॅम्स्टरडॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात स्वतःचे 'चार, चारा, चाक, चिमणी' हे शब्द ध्वनिमुद्रित करा, प्रत्येक शब्द पाच वेळा सुटा आणि पाच वेळा वाक्यात. मुद्रण ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो, वेव्ह फाइलमध्ये करा. मिनिटाला साधारण ५ एमबी जागा लागते. व्हॉट्सअॅपवरचे व्हॉइस मेसेज यासाठी वापरू नका. ते दाबून लहान केलेले असतात आणि च-स-श यांचा फरक ज्या वरच्या कंप्रतांत असतो तिथलीच माहिती त्यांत मार खाते. पंखा बंद, खिडकी बंद, फोन तोंडापासून वीतभर आणि थोडा तिरका, नाहीतर प, फ, भ यांची फुंकर थेट माइकवर आदळते. मग स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या कंप्रतेवर (हर्ट्झवर) किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र, उघडा. इथे हमखास एक घोळ होतो: प्राट मुळात ५,००० हर्ट्झपर्यंतचाच पट्टा दाखवतं, आणि 'चारा'तल्या च चा सूं असा आवाज त्याच्या वर बराच असतो. फरक दिसत नाही म्हणून विद्यार्थी 'दोन्ही सारखेच' असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. सेटिंगमध्ये जाऊन पट्टा १०,००० पर्यंत वाढवा; 'चारा'चा काळा पट्टा वर सरकलेला आणि 'चार'चा खाली पसरलेला दिसेल. स्वर मोजायचे असतील तर फॉर्मंटची (स्वराची ओळख पटवणाऱ्या ठळक पट्ट्यांची) कमाल मर्यादा स्त्रीच्या आवाजाला ५,५०० हर्ट्झ आणि पुरुषाच्या आवाजाला ५,००० ठेवा. सासूबाईंचा आणि यजमानांचा आवाज एकाच सेटिंगवर मोजून तुलना करू नका.

उरलेला उतारा माणसांचा, आणि तिथे तुम्ही पुण्यात राहता याचा फायदा तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. येरवड्याचं डेक्कन कॉलेज १९३९ साली पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झालं तेव्हापासून भाषाविज्ञान तिथे आहे. १९५०च्या दशकात देशभरच्या अभ्यासकांना आधुनिक भाषाविज्ञान शिकवणाऱ्या उन्हाळी शाळा तिथून सुरू झाल्या. संस्कृतच्या महाकोशाचं काम तिथे १९४८ पासून चालू आहे. तेव्हा दूरस्थ अर्ज भरण्याआधी एक दिवस रजा काढा आणि विभागात जाऊन या. नियमित एम.ए.चं वेळापत्रक प्रत्यक्ष पाहा. 'जमणारच नाही' हे तुम्ही न पाहता ठरवलं असेल तर ते एकदा तपासा. कंपनीत आठवड्यातले काही दिवस घरून काम असेल, किंवा दोन वर्षांसाठी कमी तासांचं काम मागता येत असेल, तर गणित बदलू शकतं. तरीही नाही जमलं, तर सार्वजनिक व्याख्यानं, चर्चासत्रं आणि ग्रंथालयाचे नियम विचारून या. आणि तिथल्याच किंवा दुसऱ्या कुठल्या विभागातल्या एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला योग्य मानधन देऊन आठवड्याला एक तास ठरवा. त्या तासात व्याख्यान नको. तुम्ही आठवडाभरात आयपीएत उतरवलेली दहा वाक्यं आणि सोडवलेला वाक्यविन्यासाचा एक प्रश्न, एवढंच. त्याने लाल पेन चालवायचं. माझ्या मते दूरस्थ एम.ए.च्या शुल्काइतकाच हा खर्च अत्यावश्यक धरावा. पुण्यात नसलेल्या वाचकांना हेच व्हिडिओ कॉलवर जमेल, फक्त ध्वनिफाइल आधी ईमेलने पाठवावी, कॉलवर ऐकवू नये.

दहा वाक्यं उतरवायची रीत पहिल्यापासून नीट लावून घ्या. तीन ओळी: वर उच्चाराप्रमाणे वाक्य, मधे प्रत्येक घटकाखाली त्याचा अर्थ किंवा व्याकरणिक खूण, खाली सरळ अर्थ. वरच्या ओळीत जितके संयोगचिन्हांचे तुकडे तितकेच मधल्या ओळीत हवेत. लाइपझिग संकेत म्हणतात ते हेच. मराठीत गफलत होते ती सामान्यरूपात. 'घोड्याला' चे तुकडे 'घोडा' आणि 'ला' असे दोन करून विद्यार्थी पुढे जातो आणि मधला 'या' हवेत राहतो. तो सामान्यरूपाचा म्हणून वेगळा दाखवा, किंवा 'घोड्या' हे एकच अंग माना; पण जे मानाल ते सगळीकडे माना.

अभ्यासक्रम निवडताना पर्याय फार नाहीत. निखळ भाषाविज्ञानाचं एम.ए. दूरस्थ पद्धतीने आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी असतं. डीईबीची त्या सत्राची यादी हाच एक भरवशाचा आधार. इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, एम.ए. इंग्रजीत भाषेवरचा एक पूर्ण पेपर आहे, पुण्यात त्यांचं विभागीय केंद्रही आहे. पण ते एम.ए. साहित्याचं, आणि नेटचं फाटक वर सांगितलंच. ब्रिटनमधली काही विद्यापीठं उपयोजित भाषाविज्ञान आणि इंग्रजी अध्यापन असा जोड अभ्यासक्रम दूरस्थ देतात. इंग्रजी शिकवणाऱ्यांना तो उपयोगी पडतो, तुमच्या उच्चारकोशाला फारसा नाही. शिवाय परदेशी दूरस्थ पदवीच्या समकक्षतेचा प्रश्न भारतात अवघड आहे. शुल्क भरण्याआधी त्याचं लेखी उत्तर हातात हवं. आयोगाने २०२२ पासून एका वेळी दोन अभ्यासक्रमांना परवानगी दिली आहे, त्याचा आधार घेऊन काही जण एम.ए. मराठी आणि भाषाविज्ञान दोन्ही सुरू करतात. तुमच्या घड्याळात ते बसत नाही.

घड्याळाचंच बोलू. दूरस्थ शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. एम.ए. ८० क्रेडिटचं धरलं तर २,४०० तास. दोन वर्षांचे १०४ आठवडे. आठवड्याला २३ तास आले. वारजे ते हिंजवडी जाऊन-येऊन, मुलाचा अभ्यास घेऊन हे होणार नाही, आणि ते होईल असं स्वतःला सांगणं हीच दूरस्थ शिक्षणातली सगळ्यात महागडी चूक. कमाल मुदत किती ते पाहा. इग्नूचं दोन वर्षांचं एम.ए. चार वर्षांपर्यंत पुरं करता येतं. तशी सोय असेल तर तीन वर्षं धरा, म्हणजे आठवड्याला १५-१६ तास. त्यातले सहा शनिवार-रविवारी सकाळी, सलग. स्वनविज्ञान आणि वाक्यविन्यास या सलग वेळेत, कारण त्यांना मध्येच उठून कुकर लावलेला चालत नाही. बसमध्ये वाचायला समाजभाषाविज्ञान ठेवा. स्वाध्याय मुदतीच्या आधी महिनाभर संपवा. इग्नूत त्यांना ३० टक्के भार असतो आणि सत्रान्त परीक्षेला ७०. इतर ठिकाणीही प्रमाण असंच काहीसं असतं. ५५ टक्क्यांचं फाटक ओलांडायला तुमच्या हातातला भाग तो ३० टक्क्यांचाच. इंटरनेटवरून उचललेला स्वाध्याय पकडला जातो. मराठीची स्वतः गोळा केलेली उदाहरणं घातलेला स्वाध्याय तपासणाऱ्याला जागं करतो.

लघुप्रबंध असेल तर विषय घराजवळचा घ्या. 'शिकणे, विसरणे, बोलणे' यांच्याबरोबर 'ने' लावणारे आणि न लावणारे पुण्यात कोण कोण, वयाप्रमाणे आणि मूळ गावाप्रमाणे काय फरक पडतो, एवढ्यावर चांगलं काम होईल. तुलनेला डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची सामग्री महाजालावर खुली आहे. 'तुम्ही असं म्हणता का?' असं थेट विचारू नका. पुण्यात त्याचं उत्तर शुद्धलेखनाच्या पुस्तकातून येतं. चित्र दाखवून किंवा अर्धी गोष्ट सांगून ते रूप आपोआप बोलवून घ्या. बोलणाऱ्याची लेखी संमती घ्या. आणि कंपनीकडची ध्वनिमुद्रणं लेखी परवानगीशिवाय प्रबंधात वापरू नका, कितीही मोह झाला तरी.

या सगळ्याच्या आधी, एक रुपयाही न भरता, सहा आठवडे करून पाहा. ई-पीजी पाठशालेवर भाषाविज्ञानाचे एम.ए. पातळीचे पाठ खुले आहेत. इग्नूचं साहित्य ई-ज्ञानकोशावर मिळतं. एनपीटेलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम ऐकायला पैसे पडत नाहीत. पहिले दोन आठवडे स्वनविज्ञान आणि प्राट. पुढचे दोन वाक्यविन्यास, 'ने'च्या प्रश्नासकट. शेवटचे दोन नेटच्या जुन्या प्रश्नपत्रिकेचा दुसरा पेपर घेऊन, उत्तरं यावीत म्हणून नव्हे, कुठल्या प्रश्नांत रस वाटतो ते पाहायला. किती तास प्रत्यक्ष बसलात ते वहीत लिहा. आठवड्याला दहाच्या खाली आकडा राहिला तर यंदा प्रवेश नको. पाठ आणि शिकवणीचा एक तास चालू ठेवा, पुढच्या सत्राला पाहू.

एक काम मात्र या आठवड्यातच सुरू करा, कारण त्याला वेळ लागतो. २०२४ पासून दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशाला डीईबी-आयडी लागतो, आणि तो काढायला आधी एबीसी-आयडी, म्हणजे अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक. तो डिजिलॉकरमधून आधारच्या आधारे मिळतो. तुमच्या बी.एस्सी.च्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल, तर प्रवेश इथेच अडकू शकतो. दोन्हीकडची नावं, मधलं नाव आणि जन्मतारीख अक्षर-अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र चालतं की राजपत्रातली नावबदलाची नोंद लागते, हे ज्या विद्यापीठात जायचं त्याच्याकडून लिहून घ्या. राजपत्रच लागत असेल तर त्याचा अर्ज आज करा, आणि सहा आठवड्यांचा अभ्यास उद्यापासून.